स्ट्रासबर्गचं जजमेंट आपल्या कोर्टात कसं वापरायचं: पायरी पायरीने

डजिअन विरुद्ध युनायटेड किंग्डम हे स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयाचं २२ ऑक्टोबर १९८१ चं जजमेंट. उत्तर आयर्लंडमध्ये दोन प्रौढ पुरुषांमधले संमतीचे संबंध गुन्हा ठरवणारा कायदा होता, तो खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग करतो असं कोर्टाने १५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. हेच जजमेंट आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या लढाईत तीन वेळा समोर आलं, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमाच्या. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने नाझ फाउंडेशन केसमध्ये त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कौशल केसमध्ये ते कलम कायम ठेवलं आणि सांगितलं की परदेशी निकाल डोळ्यांवर पट्टी बांधून आपल्या कायद्याला लावता येणार नाहीत. आणि २०१८ मध्ये नवतेज जोहरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कौशल उलथवलं तेव्हा डजिअन पुन्हा निकालपत्रात आलं.

जजमेंट तेच, कलम ३७७ तेच, मग बदललं काय? बऱ्याच गोष्टी बदलल्या, पण वकिली करणाऱ्याने लक्षात घ्यावी अशी एक म्हणजे मधलं २०१७ चं पुट्टास्वामी. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं आणि त्यामुळे डजिअनमधल्या तर्काला टांगायला आपल्या घटनेत पक्की खुंटी मिळाली. मला ह्या लेखात मुख्य सांगायचंय ते हेच, की परदेशी मानवी हक्क कोर्टाचा निकाल आपल्याकडे हुकूम म्हणून चालत नाही, तो आपल्याच घटनेतल्या शब्दांचा अर्थ लावायला मदत म्हणून चालतो, आणि ती मदत खुंटी दाखवून मागितली तरच मिळते. लॉ कॉलेजमधली मुलं, हायकोर्टात नवीन आलेले ज्युनिअर्स, संस्थांमध्ये काम करणारे कार्यकर्ते, सगळ्यांना उपयोगी पडेल असं लिहायचा प्रयत्न करतेय.

पायरी १: आधी कोर्ट नीट ओळखा

बेसिक वाटेल पण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. स्ट्रासबर्गला आहे ते युरोपियन मानवी हक्क न्यायालय, १९५९ पासूनचं, कौन्सिल ऑफ युरोपच्या ४६ देशांसाठी. लक्झेंबर्गला आहे ते युरोपियन युनियनचं कोर्ट, ते वेगळं. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय देशादेशांमधले वाद ऐकतं, तिथे सामान्य माणूस जाऊच शकत नाही. अमेरिका खंडासाठी कोस्टारिकात सान होसेला इंटर-अमेरिकन कोर्ट आहे, आफ्रिकेसाठी टांझानियात अरुशाला. आशियासाठी असं कोर्ट नाही, म्हणून आपण कायम दुसऱ्या खंडाचं जजमेंट साइट करत असतो, म्हणजे त्याचा दाखला देत असतो, आणि ते का करतोय हे दरवेळी सांगावं लागतं.

अजून एक. संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क समिती, जिने १९९४ मध्ये टूनन विरुद्ध ऑस्ट्रेलिया (हेही समलैंगिक संबंधांबद्दलचंच प्रकरण) ठरवलं, ती कोर्ट नाही. ती देते त्याला जजमेंट म्हणत नाहीत, ती समितीची मतं असतात. पण ज्या कराराबद्दल ती बोलते, नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, सगळे ज्याला आयसीसीपीआर म्हणतात, त्यात भारत १९७९ पासून सामील आहे. म्हणजे टूनन कोर्टाचं नसलं तरी आपल्या अंगावर असलेल्या कराराबद्दल आहे, आणि डजिअन कोर्टाचं असलं तरी आपण ज्यात नाही त्या युरोपियन मानवी हक्क कन्व्हेन्शनबद्दल, म्हणजे युरोपच्या देशांमधल्या कराराबद्दल आहे. दोन्ही साइट करताना हा फरक एका वाक्यात लिहून टाका, समोरच्याने उभं राहून दाखवून देण्याआधी.

पायरी २: बाइंडिंग कोणावर आणि किती

युरोपियन कन्व्हेन्शनच्या कलम ४६ प्रमाणे निकाल बांधतो तो त्या केसमधल्या देशाला. पण कलम ३२ प्रमाणे कन्व्हेन्शनचा अर्थ लावायचं काम ह्याच कोर्टाचं आहे, त्यामुळे निकाल फ्रान्सविरुद्ध असला तरी त्यात लावलेला अर्थ पोलंडच्या न्यायाधीशाच्या टेबलावरही जाऊन पोचतो. निकालाची अंमलबजावणी आणि निकालातला अर्थ, ह्या दोन गोष्टी डोक्यात कायम वेगळ्या ठेवा, आपलं सगळं काम दुसऱ्या गोष्टीशी आहे.

देशोदेशी ह्या अर्थाला वजन वेगवेगळं. सगळ्यात कडक इंटर-अमेरिकन कोर्ट, त्यांनी २००६ मध्ये चिलीच्या अल्मोनासिद केसमध्ये सांगितलं की सदस्य देशातल्या न्यायाधीशांनी नुसता करार बघून भागणार नाही, कोर्टाने त्या कराराचा लावलेला अर्थही बघितला पाहिजे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००४ मध्ये गोर्गुलू प्रकरणात म्हटलं की स्ट्रासबर्गचा निकाल विचारात घ्यायलाच हवा, पण आंधळेपणाने अंमलात आणायचा असाही अर्थ नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या ह्यूमन राइट्स अॅक्टचं कलम २ तिथल्या कोर्टांना निकाल विचारात घ्या एवढंच सांगतं, पाळाच असं म्हणत नाही. त्याचं चांगलं उदाहरण हॉर्नकॅसल. जो साक्षीदार कोर्टात आलाच नाही त्याच्या जबाबावर मुख्य भिस्त ठेवून शिक्षा देता येते का, ह्यावर स्ट्रासबर्गच्या चेंबरने (सात न्यायाधीशांच्या पीठाने) जानेवारी २००९ मध्ये जे म्हटलं ते ब्रिटिश सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कारणं देऊन नाकारलं, आणि डिसेंबर २०११ मध्ये स्ट्रासबर्गच्याच ग्रँड चेंबरने (१७ न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने) अल-खवाजा केसमध्ये आपला नियम खरोखर थोडा सैल केला. म्हणजे हे वरून खाली येणारे आदेश नाहीत, दोन्हीकडून चाललेली चर्चा आहे. ज्युनिअर्सनी हे निकाल एकापाठोपाठ एक वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

आपण ह्या सगळ्याच्या बाहेर. भारतात स्ट्रासबर्गचं जजमेंट शून्य बाइंडिंग आहे, फक्त परस्युएसिव, म्हणजे तर्क पटला तरच घ्यायचं. हे मान्य करूनच उभं राहायचं.

पायरी ३: भारतीय खुंटी शोधा, जजमेंट शोधण्याच्या आधी

बहुतेक जण उलटं करतात. आधी मस्त युरोपियन जजमेंट सापडतं, मग ते कुठेतरी बसवायचा प्रयत्न. तसं करू नका. आधी ठरवा की आपल्या कुठल्या कलमातल्या कुठल्या शब्दाचा अर्थ लावायचाय, अनुच्छेद १४, १९, २१, की एखाद्या साध्या कायद्यातला शब्द.

मग ते दार उघडणारी आपली जजमेंट्स. अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांबद्दल आदर वाढवायला सांगितलंय, पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, त्याच्यावर एकट्यावर याचिका उभी राहत नाही. केशवानंद भारतीमध्ये १९७३ साली सरन्यायाधीश सिक्रींनी म्हटलं होतं की घटनेची भाषा अगदीच अडवत नसेल तर कोर्टाने ती संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उजेडात वाचावी. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीसमध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी कर्ज फेडलं नाही म्हणून कैद, ह्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या तरतुदीला आयसीसीपीआरच्या कलम ११ शेजारी ठेवून वाचलं. करार आपोआप आपला कायदा होत नाही हे त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं, आणि मग तरतुदीचा अर्थ असा लावला की नुसते पैसे नाहीत एवढ्यावर माणसाला आत टाकता येणार नाही, त्याची नियत खोटी आहे हे दिसलं पाहिजे. अर्थ लावायला आंतरराष्ट्रीय मजकूर कसा वापरायचा ह्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचित सापडेल. आणि विशाखा, १९९७, तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल कायद्यात पोकळी होती आणि कोर्टाने म्हटलं की मूलभूत हक्कांशी विसंगत नसलेला, त्यांच्या गाभ्याशी जुळणारा करार त्या हक्कांमध्ये वाचता येतो.

इथे एक उपयोगी आडवाट आहे. आपण युरोपियन कन्व्हेन्शनमध्ये नाही, पण आयसीसीपीआरमध्ये आहोत, आणि दोन्हीतली बरीच कलमं जवळपास सारख्या हक्कांची आहेत. युरोपियन कलम ८ आणि आयसीसीपीआर कलम १७ दोन्ही खासगी आयुष्य, घर, पत्रव्यवहाराबद्दल. फोन टॅपिंगच्या डिसेंबर १९९६ च्या पीयूसीएल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने कलम १७ चा उल्लेख केलाय. शिवाय मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ मधल्या मानवी हक्कांच्या व्याख्येतही हे आंतरराष्ट्रीय करार आहेत. म्हणजे तुमची वाट अशी होते: अनुच्छेद २१, मग कलम १७, मग त्याच धर्तीच्या कलम ८ वर स्ट्रासबर्गने काय म्हटलंय ते. फक्त एक सांभाळा, कलम ८ मध्ये हक्कावर मर्यादा कधी घालता येते ते दुसऱ्या परिच्छेदात सविस्तर दिलंय, कलम १७ मध्ये तसा परिच्छेद नाही, तिथे मनमानी किंवा बेकायदा हस्तक्षेप एवढंच आहे. सारखे आहेत म्हणा, एकच आहेत म्हणू नका.

पायरी ४: हुडॉकवर शोधणं

हुडॉक हा स्ट्रासबर्ग कोर्टाचा स्वतःचा डेटाबेस, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. डावीकडे फिल्टर्स असतात. पहिला फिल्टर भाषेचा लावा, कारण कोर्टाच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, आणि बरेच निकाल फक्त फ्रेंचमध्येच असतात. मग इम्पॉर्टन्स लेव्हलचा, त्यात "की केसेस" (Key cases) आणि "लेव्हल १" एवढंच ठेवलं तर हजारोंच्या गर्दीतून वाचण्यासारखं थोडकं उरतं. मग आर्टिकल निवडा. ग्रँड चेंबरचा निकाल मिळाला तर तोच घ्या, तिथे १७ न्यायाधीश बसतात, चेंबरला ७, कमिटीला ३. चेंबरचा निकाल ताजा असेल तर तो फायनल झालाय का तेही बघा, कारण तीन महिन्यांच्या आत ग्रँड चेंबरकडे पाठवायची मागणी करता येते. ज्यांना कुठून सुरुवात करावी कळत नाही त्यांनी कोर्टाच्या रजिस्ट्रीने काढलेली कलमवार केस-लॉ गाइड्स आधी उघडावीत.

पायरी ५: वाचायचं कसं

स्ट्रासबर्गचं जजमेंट आपल्यासारखं नसतं, त्याचा साचा ठरलेला असतो आणि तो एकदा कळला की शंभर पानं बघून धडकी भरत नाही. आधी प्रोसिजर, मग फॅक्ट्स, मग त्या देशाचा कायदा, बरेचदा इतर देशांमधली आणि आंतरराष्ट्रीय परिस्थिती, मग लॉ. लॉमध्ये आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं आणि त्यानंतर कोर्टाचं असेसमेंट. सरकारचं म्हणणं कोर्टाचं समजून साइट केलं जातं, असं होऊ देऊ नका. असेसमेंटमध्येही आधी जनरल प्रिन्सिपल्स आणि मग ती ह्या केसला लावणं असे दोन भाग. आपल्याला साइट करायला बहुतेकदा जनरल प्रिन्सिपल्स लागतात, पण ते किती जोरात लावले हे दुसऱ्या भागात कळतं, म्हणून दोन्ही वाचा. शेवटी ऑपरेटिव्ह पार्ट (प्रत्यक्ष आदेशाचा भाग), मतांचे आकडे आणि वेगळी मतं. विरोधी मत आवर्जून वाचा, कारण समोरचा वकील तिथूनच मुद्दे उचलणार आहे.

पॅरा नंबर देऊनच साइट करा, पान नंबर नाही. अॅप्लिकेशन नंबर आणि तारीखही द्या, एकाच नावाचे बरेच निकाल असतात.

पायरी ६: निकाल अजून टिकून आहे का

१९७८ च्या टायरर केसमध्ये, आइल ऑफ मॅनमध्ये एका १५ वर्षांच्या मुलाला छडीचे फटके मारायची शिक्षा झाली होती, कोर्टाने सांगितलं की कन्व्हेन्शन हा जिवंत दस्तऐवज आहे, आजच्या परिस्थितीनुसार त्याचा अर्थ लावायचा. चांगलं तत्त्व आहे पण त्याचा परिणाम असा की कोर्टाचे जुने निकाल मागे पडतात. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायदेशीर ओळखीबद्दल १९८६ चं रीस, १९९० चं कॉसी, १९९८ चं शेफील्ड आणि हॉर्शम, सगळे ब्रिटनच्या बाजूने गेले, आणि ११ जुलै २००२ ला ख्रिस्टीन गुडविनमध्ये कोर्टाने दिशाच बदलली. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या नालसा निकालात गुडविन घेतलंय. विचार करा, कोणी नुसतं कॉसी काढून दिलं असतं तर. म्हणून हुडॉकवर त्या निकालाचं नाव टाकून नंतरच्या निकालांमध्ये तो कसा आलाय हे बघितल्याशिवाय फाइलमध्ये लावायचाच नाही.

पायरी ७: मार्जिन ऑफ अप्रिसिएशनपासून सावध

१९७६ च्या हँडीसाइडपासून हे तत्त्व चालत आलंय: काही विषयांत, खास करून नैतिकता आणि धर्माच्या, देशातल्या अधिकाऱ्यांना परिस्थिती जास्त कळते म्हणून आंतरराष्ट्रीय कोर्ट त्यांना मोकळीक देतं. त्यामुळे स्ट्रासबर्ग जेव्हा भंग नाही म्हणतं तेव्हा बरेचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की हे ठरवायचं काम त्या देशाचं आहे. विद्यापीठात डोक्यावर रुमाल बांधायला बंदी, २००५ चं लैला शाहिन विरुद्ध तुर्की, किंवा सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायला बंदी, २०१४ चं एस.ए.एस. विरुद्ध फ्रान्स, हे दोन निकाल आपल्याकडच्या हिजाबच्या वादात कोणी फेकले तर हे दाखवून द्या. आपलं हायकोर्ट हे देशाबाहेरचं कोर्ट नाही. घटनेने हक्क तपासायचं काम त्याच्यावरच टाकलंय, त्यामुळे बाहेरच्या कोर्टाने दाखवलेला संकोच त्याने उसना घ्यायचं काही कारण नाही. माझ्या मते हा मुद्दा आपल्याकडे फार कमी मांडला जातो.

पायरी ८: एक केस हातात घेऊन बघू

क्रिमिनल प्रोसिजर आयडेंटिफिकेशन अॅक्ट २०२२ घ्या. १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन हा आला. बोटांचे ठसे, तळहाताचे ठसे, फोटो, डोळ्यांच्या बुबुळाचं स्कॅन, जैविक नमुने, सही, हस्ताक्षर, असं बरंच काही घेता येतं, आणि रेकॉर्ड ७५ वर्षं ठेवायचं.

बहुतेक जण लगेच एस. आणि मार्पर विरुद्ध युनायटेड किंग्डम काढतात. ४ डिसेंबर २००८, ग्रँड चेंबर, एकमताने. एस. हा ११ वर्षांचा मुलगा, जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपातून निर्दोष सुटला. मार्परविरुद्धची केस पुढे चाललीच नाही. दोघांचे ठसे आणि डीएनए पोलिसांनी कायमचे ठेवले. कोर्टाने पॅरा १२५ मध्ये म्हटलं की शिक्षाच न झालेल्या लोकांचा डेटा असा सरसकट, भेदभाव न करता ठेवणं प्रमाणाबाहेर आहे. नंतर २०१२ मध्ये ब्रिटनला कायदा बदलावा लागला. जजमेंट सुंदर आहे, पॅरा १२२ तर वाचाच, निर्दोष सुटलेल्या माणसाला दोषी माणसाच्या रांगेत बसवल्यावर त्याच्यावर जो डाग लागतो त्याबद्दल आहे.

पण आपला कायदा नीट वाचा. कलम ४ च्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या भागात) लिहिलंय की आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, डिस्चार्ज झाला किंवा खटल्याशिवाय सुटला, तर सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं, मॅजिस्ट्रेट किंवा कोर्टाने लेखी कारणं देऊन वेगळं सांगितलं नाही तर. म्हणजे मार्परची मुख्य परिस्थिती आपल्या कायद्याने कागदावर तरी झाकलीय. नुसतं मार्पर वाचून दाखवलंत तर सरकारी वकील हे परंतुक वाचतील आणि तुम्ही बसाल.

आता खरी अडचण कुठे आहे ते बघा. ज्याला शिक्षा झाली, कितीही किरकोळ गुन्ह्यात, त्याला हे परंतुक लागूच नाही. समजा २५ वर्षांच्या मुलाला दारू पिऊन बाइक चालवल्याबद्दल दंड झाला, आणि त्याची मापं, म्हणजे हेच ठसे, नमुने वगैरे, घेतली. रेकॉर्ड तो १०० वर्षांचा होईपर्यंत. इथे लागणारं जजमेंट मार्पर नाही, गॉगरन विरुद्ध युनायटेड किंग्डम आहे, १३ फेब्रुवारी २०२०. उत्तर आयर्लंडमधला माणूस, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल ५० पौंड दंड आणि १२ महिने गाडी चालवायला बंदी. डीएनए प्रोफाइल, ठसे, फोटो मुदतीशिवाय ठेवले. ब्रिटिश सुप्रीम कोर्टात २०१५ मध्ये तो हरला, स्ट्रासबर्गला जिंकला. कारणं दोन लक्षात ठेवा: गुन्हा किती गंभीर हे बघितलंच नाही, आणि रेकॉर्ड काढून टाका म्हणायला खरीखुरी सोय नाही. आपल्या कायद्याला बरोबर हेच दोन प्रश्न विचारायचे.

आता खुंटी. पुट्टास्वामीत सांगितलेली कसोटी म्हणजे कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरता, म्हणजे हेतूच्या मानाने हक्कावरची मर्यादा जास्त नको. स्ट्रासबर्गची कलम ८ ची कसोटीही कायद्यानुसार, वैध हेतूसाठी आणि लोकशाही समाजात आवश्यक अशीच चालते. पहिल्या दोन टप्प्यांवर वेळ घालवू नका, संसदेचा कायदा आहे आणि गुन्हे शोधणं हा हेतू वैध आहे. तुमची केस तिसऱ्या टप्प्यावर आहे. याचिकेतलं ग्राउंड (मुद्दा) साधारण असं लिहिता येईल:

"किरकोळ गुन्ह्यात दंड झालेल्या व्यक्तीचं रेकॉर्ड गुन्ह्याचं गांभीर्य न बघता ७५ वर्षं ठेवणं, आणि मध्ये कधीही फेरविचाराची सोय नसणं, हे अनुच्छेद २१ खाली पुट्टास्वामी निकालातल्या प्रमाणशीरतेच्या कसोटीत बसत नाही. गॉगरन निकाल ह्या न्यायालयावर बंधनकारक नाही. पण जवळपास सारख्या परिस्थितीत, सारख्याच कसोटीचा तिसरा टप्पा कसा लावायचा ह्याची कारणमीमांसा त्यात आहे. फरक असा की तिथे मुदतच नव्हती, इथे ७५ वर्षांची आहे. तरुण व्यक्तीच्या बाबतीत ही मुदत व्यवहारात आयुष्यभराचीच होते, आणि फेरविचाराची उणीव दोन्हीकडे सारखी आहे."

बघा, फरक आपणच सांगितलाय. कौशलमध्ये कोर्टाने ज्या गोष्टीला नाव ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून लावणं, त्याचं हे उत्तर आहे: पट्टी काढून, फरक मोजून, मग उरलेला तर्क पुढे ठेवणं.

सरकारकडून मार्जिनचा मुद्दा आला तर सांगा की गॉगरनमध्ये मार्जिन असूनही भंग सापडला. संसदेच्या अधिकाराचा मुद्दा आला तर कायदा रद्दच करा असं मागायची गरज नाही, अर्ज करून फेरविचार मागता येईल असा अर्थ लावा, एवढी पर्यायी प्रेयर (मागणी) ठेवा. जॉली जॉर्जमध्ये कायदा रद्द झाला नव्हता, वाचला वेगळा गेला होता.

पायरी ९: कोर्टात उभं राहिल्यावर

क्रम भारतीय आधी, परदेशी नंतर. कंपायलेशनमध्ये (बेंचला द्यायच्या निकालांच्या संचात) सगळं जजमेंट लावू नका, फॅक्ट्सचे पॅरे, असेसमेंट आणि ऑपरेटिव्ह पार्ट एवढंच प्रिंट काढा, पूर्ण निकाल पेन ड्राइव्हवर किंवा ई-फाइलिंगला असू दे. दहा देशांची दहा जजमेंट्स लावण्यापेक्षा एक नीट जुळणारं लावा, बेंचला वेळ नसतो आणि लांबलचक यादी बघून वाटतं की ह्यांच्याकडे भारतीय मुद्दा नाही. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर असाल तर स्ट्रासबर्ग बहुतेकदा काढूच नका, तिथे पुट्टास्वामी पुरे, परदेशी निकालाची जागा हायकोर्टातल्या रिटमध्ये. आणि बेंचने विचारलं की हे आमच्यावर बाइंडिंग आहे का, तर लगेच नाही म्हणा आणि त्याच दमात पुट्टास्वामीचा पॅरा उघडा.